कापडी कड्यांचा टेबल रनर: पहिल्यांदा विणणाऱ्यांसाठी

टेबलावर मधोमध अंथरायची लांबट पट्टी, म्हणजेच टेबल रनर, ही विणकामातली पहिली वस्तू म्हणून निवडण्यासारखी आहे. तिला हातमाग लागत नाही आणि सूतही भरावे लागत नाही. वीतभर लांबीरुंदीची एक लाकडी चौकट, तिच्यावर ठोकलेले ७२ खिळे आणि जुन्या सुती होजिअरी कपड्यांतून कापलेल्या कड्या एवढ्या सामानावर ती तयार होते. चौकटीवर एका वेळी एक लहान चौकोन विणायचा, असे चौकोन साठवायचे आणि शेवटी गोधडीचे तुकडे जोडावेत तसे ते एकमेकांना जोडायचे, असा हा सगळा प्रकार आहे.

मुळात ही चौकट गरम भांडे धरायचे जाड फडके विणण्यासाठी निघाली. अमेरिकेत मोज्यांच्या गिरण्यांमध्ये नळीसारख्या विणलेल्या कापडाच्या कड्या उरत असत. १९३० च्या दशकात त्या कड्या आणि लहान चौकटी मुलांच्या हातकामासाठी घरोघरी गेल्या. उरलेल्या मालातून जन्मलेली ही कला आपल्याकडे वेगळी शिकवावी लागत नाही, कारण ज्या घरात जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली गेली आहे, त्या घराला तिचा विचार आधीच ठाऊक असतो. विणही परकी नाही. नवारीची बाज विणताना पट्टी एकदा वरून आणि एकदा खालून जाते, तीच वीण येथे आहे. फक्त नवारीच्या जागी कापडी कडी असते.

नवशिक्यांना वाटते की अवघड भाग विणण्याचा असेल. माझा अनुभव उलटा आहे. विणणे अर्ध्या तासात हाताला बसते; रनर चांगला होणार की वाकडा, हे कड्या कापताना आणि निवडताना ठरून गेलेले असते. म्हणून या लेखात कड्यांवर जास्त आणि विणण्यावर त्या मानाने कमी लिहिले आहे.

कापड कोणते घ्यावे

खानदेशच्या काळ्या जमिनीत पिकलेला कापूस जिनिंगमधून गाठी होऊन बाहेर जातो आणि कुठल्या तरी दूरच्या कारखान्यातून बनियन, टी-शर्ट व लेगिंग होऊन आपल्याच बाजारात परत येतो. ते कपडे विटले, गुडघ्यावर फाटले किंवा मुलांना आखूड झाले की पुसायच्या फडक्यांत जमा होतात. कड्यांसाठी नेमके तेच कापड हवे, कारण ते होजिअरी विणीचे असून ताणले जाते. साडी, धोतर, चादर किंवा शर्टाचे कापड ताणले जात नाही, त्यामुळे त्याच्या कड्या खिळ्यांवर बसत नाहीत आणि कडांना दोरे सुटतात.

सर्वांत सोयीचा कपडा म्हणजे सुती लेगिंग. तिचा पाय ही आयती नळी असल्यामुळे आडवे काप दिले की कडी तयार होते, शिवावे लागत नाही. मुलांच्या लेगिंग आणि पूर्ण बाह्यांच्या टी-शर्टच्या बाह्या यांचाही असाच उपयोग होतो. मोठ्यांच्या बनियनचा घेर फार मोठा असतो. त्याच्या पट्ट्या कापून टोके शिवल्यास कडी होते खरी, परंतु प्रत्येक कडीवर एक जाड सांधा येतो. पुरेशा लेगिंग मिळत असतील तर बनियनच्या वाटेला जाऊ नये.

कापड सुती आहे याची खात्री करणे येथे चैनीचा भाग नाही. टेबल रनरवर आज ना उद्या गरम भांडे ठेवले जाते, आणि नायलॉन किंवा पॉलिएस्टर उष्णतेने वितळते. माझ्या पहिल्या रनरमध्ये मी मुलांचे रंगीत मोजे वापरले होते, कारण त्यांच्या कड्या फार सुबक निघत होत्या. पाहुण्यांसमोर शेवभाजीचे पातेले चुलीवरून थेट त्यावर ठेवले गेले आणि उचलताना रनर पातेल्याबरोबर वर आला. तेव्हापासून मी प्रत्येक कपड्याचा एक चिमूटभर तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहते. हे काम अंगणात, जवळ पाण्याची वाटी ठेवून करावे. सुती तुकडा कागद जळाल्यासारखा वास देतो आणि त्याची मऊ राख बोटाने चुरडते. कृत्रिम धाग्याचा तुकडा आक्रसून वितळतो आणि थंड झाल्यावर त्याचा कडक मणी होतो. लेगिंगमध्ये थोडे लायक्रा असतेच, तेवढ्याने बिघडत नाही. मात्र ज्या कापडाचा पूर्णच मणी झाला, ते बाजूला टाकावे.

कापण्यापूर्वी सर्व कपडे धुवावेत, म्हणजे जे आटायचे ते आधीच आटते. गडद लाल, जांभळा आणि काळा हे रंग ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावेत. फडक्याला रंग लागला तर तो कपडा पांढऱ्या किंवा पिवळ्या कड्यांबरोबर विणू नये. मिठाच्या पाण्यात बुडवल्याने रंग पक्का होतो असे घरोघरी सांगितले जाते, पण त्यावर विसंबून पांढरा रनर डागाळून घेण्यात शहाणपण नाही.

कड्या कापणे

लेगिंगचा पाय जमिनीवर सपाट पसरावा, सुरकुत्या हाताने काढाव्यात आणि पट्टी ठेवून खडूने २ सेंटिमीटर अंतरावर आडव्या रेषा आखाव्यात. मग धारदार कात्रीने दोन्ही थर एकदम कापत जावे. अंदाजाने कापण्याचा मोह होतो, पण तो टाळावा, कारण एक कडी बोटभर रुंद आणि दुसरी दोन बोटे रुंद झाली तर चौकोनाचा एक कोपरा फुगतो आणि दुसरा बसतो. कापड फार पातळ असेल तर रुंदी अडीच सेंटिमीटर ठेवावी.

कापलेली कडी दोन्ही हातांच्या बोटांत धरून एकदा नीट ताणावी. साध्या होजिअरी विणीच्या कापडाच्या कडा लगेच आत वळतात आणि सपाट पट्टीची गोल दोरी होते. ही वळलेली कडीच विणायची असते. जी कडी ताणूनही वळत नाही, ती दुपदरी विणीच्या कापडाची असते. तीही चालते, मात्र वळलेल्या आणि न वळलेल्या कड्या एकाच चौकोनात मिसळू नयेत.

आता निवड. पोटरीजवळचा पाय रुंद आणि घोट्याजवळचा अरुंद असतो, म्हणून एकाच लेगिंगच्या कड्याही सारख्या नसतात. पुढे सांगितलेल्या १९ सेंटिमीटरच्या चौकटीसाठी सपाट ठेवलेल्या कडीची लांबी १३ ते १५ सेंटिमीटर असावी. त्याहून लहान कडी ताणून बसवली तर चौकोन आवळला जातो आणि खिळेही वाकतात. मोठी कडी सैल पडून वर फुगे येतात. कड्या रंगाप्रमाणे वेगळ्या करण्याआधी त्या मापाप्रमाणे वेगळ्या कराव्यात. एका पुठ्ठ्यावर १३ आणि १५ सेंटिमीटरच्या दोन रेषा ओढून प्रत्येक कडी त्यावर ठेवून पाहिली, तर शंभर कड्या निवडायला फार वेळ लागत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा दुपारी घराबाहेर पडण्याचे कामच नसते. त्यातून आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकीबाळी घरात असतात. कड्या निवडण्याचे कंटाळवाणे काम गप्पांच्या नादात तेव्हाच उरकून घ्यावे.

तयार सुती कड्या ऑनलाइनही मिळतात. त्यांची मापे दोन असतात, एक दर बाजूला १८ खिळे असलेल्या लहान चौकटीसाठी आणि दुसरे दर बाजूला २७ खिळे असलेल्या मोठ्या चौकटीसाठी. माप न पाहता मागवल्यास पैसे वाया जातात. मला स्वतःला विकतच्या कड्यांचे कौतुक नाही, पण त्या एकसारख्या असतात हे मान्य केले पाहिजे.

किती कड्या लागतील याचा हिशोब असा आहे. एका चौकोनाला १८ उभ्या आणि १८ आडव्या, म्हणजे ३६ कड्या लागतात, आणि चौकटीवरून उतरल्यावर चौकोन आक्रसून साधारण १५ सेंटिमीटरचा होतो. तीन फुटी टीपॉयसाठी एका ओळीत ७ चौकोन पुरतात. रनरची लांबी १०५ सेंटिमीटर होते, दोन्ही टोकांना थोडा भाग खाली लोंबतो आणि कड्या २५२ लागतात. पाच फूट लांब व तीन फूट रुंद जेवणाच्या टेबलासाठी दोन चौकोनांची रुंदी आणि १२ चौकोनांची लांबी धरावी, म्हणजे २४ चौकोन आणि ८६४ कड्या. पहिल्याच खेपेला ८६४ कड्यांचा संकल्प सोडू नये. एका लेगिंगमधून साधारण एका चौकोनाला पुरतील एवढ्या कामाच्या कड्या निघतात, त्यामुळे टीपॉयच्या रनरसाठीसुद्धा शेजारीपाजारी आणि नातेवाइकांत शब्द टाकून ठेवावा लागतो. हिशोबापेक्षा वीसेक कड्या जास्त ठेवाव्यात.

चौकट

चौकट सुतार तासाभरात करून देतो, पण आखणी आपण स्वतः केलेली बरी. सागाच्या उरलेल्या, सुमारे अडीच सेंटिमीटर जाड व तितक्याच रुंद पट्ट्यांची चौकोनी चौकट कोपऱ्यांना खाच मारून जोडून घ्यावी. तिच्यावर आलेखाचा कागद चिकटवावा आणि पट्ट्यांच्या मधोमध येईल असा १९ सेंटिमीटर बाजूचा चौकोन आखावा. प्रत्येक बाजूवर १ पासून १८ पर्यंतच्या सेंटिमीटरच्या खुणांवर खिळा येतो. ० आणि १९ हे कोपरे मोकळे राहतात. कोपऱ्यात खिळा ठोकायचा नाही, हे सुताराला दोनदा सांगावे, कारण त्याचा हात सवयीने तिथे जातोच.

खिळे दीड इंची, बारीक टोपीचे घ्यावेत. लाकूड तडकू नये म्हणून आधी बारीक भोक पाडावे आणि खिळा सुमारे २ सेंटिमीटर वर राहील इतकाच ठोकावा. तो किंचित बाहेरच्या बाजूला कललेला असावा, म्हणजे ताणलेली कडी निसटत नाही. टोप्यांवरून कानशीने एकदा हात फिरवावा. खरखरीत टोपीत कापड अडकते. विकतच्या लहान कड्या वापरायच्या असतील, तर खिळ्यांतील अंतर १ सेंटिमीटरऐवजी ९ मिलिमीटर ठेवावे, म्हणजे चौकट १७ सेंटिमीटरच्या आसपास येते.

याखेरीज एक लांब आकडा आणि एक क्रोशाची सुई लागते. सायकलच्या जुन्या स्पोकचे टोक पक्कडीने वाकवले की उत्तम आकडा होतो. वाकवलेले टोक घासून गुळगुळीत करावे. क्रोशाची सुई ५ किंवा ६ मिलिमीटरची असावी. जळगावच्या फुले मार्केटकडे किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर चौकशी केल्यास ती मिळते. लोकरीच्या दुकानात विचारावे, कारण सुती दोऱ्याच्या नाजूक क्रोशाकामाच्या सुया या कामाला फार बारीक पडतात.

रंगांची मांडणी

रंग ठरवण्यापूर्वी एक गोष्ट समजून घ्यावी. उभ्या कड्यांना ताणा आणि आडव्या कड्यांना बाणा म्हणतात, आणि साध्या विणीत दोन्ही सारख्याच दिसतात. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घेतला तर बुद्धिबळाच्या पटासारखा बारीक चौकडा मिळतो. नवशिक्यांनी पहिले दोन-तीन चौकोन असेच विणावेत, कारण यात चूक लगेच डोळ्यांत भरते.

त्यानंतरची मांडणी मला सर्वांत आवडते. ताण्यात एक गडद, एक फिकी अशा कड्या आलटून पालटून लावाव्यात आणि बाण्यातही तोच क्रम ठेवावा. गडद बाणा जर फिक्या ताण्यावरून आणि गडद ताण्याखालून नेला, तर ती पूर्ण ओळ गडद दिसते आणि पुढची पूर्ण ओळ फिकी. चौकोनावर आडवे पट्टे उमटतात. तोच गडद बाणा गडद ताण्यावरून आणि फिक्या ताण्याखालून नेला, की कड्या त्याच आणि क्रमही तोच असूनही पट्टे उभे होतात. हे पहिल्यांदा घडते तेव्हा आपण चुकलो असे वाटते, पण चूक नसते. सुरुवात वरून केली की खालून, एवढाच फरक असतो. असे पट्ट्यांचे चौकोन जोडताना एक उभा आणि एक आडवा ठेवला तर रनरवर चटईची नक्षी येते. त्यासाठी दोन प्रकारे विणण्याचीही गरज नाही, एक सोडून एक चौकोन काटकोनात फिरवून जोडला की काम होते.

रंग किती घ्यावेत, याबद्दल माझे मत थोडे कडक आहे. जुन्या कपड्यांतून दहा-बारा रंग जमतात आणि ते सगळे वापरावेसे वाटतात, परंतु सगळे एकत्र आले की टेबलावर चिंध्यांची गाठोडी सोडल्यासारखे दिसते. तीन-चार रंग निवडावेत आणि एक रंग प्रत्येक चौकोनात थोडा तरी असावा. विटक्या काळ्या लेगिंगचा रंग आपल्या शेतातल्या मातीसारखा असतो. त्याबरोबर कापसाचा पांढरा, केळीच्या पानाचा हिरवा आणि हळदीचा पिवळा फार चांगला दिसतो. उरलेले रंग पुढच्या रनरसाठी ठेवावेत.

विणणे

ताण्याच्या १८ कड्या समोरासमोरच्या खिळ्यांवर उभ्या लावाव्यात. प्रत्येक कडीचे दोन पदर शेजारी शेजारी सरळ असावेत, त्यांना पीळ पडलेला नसावा, आणि कपड्याचा मूळ शिवणीचा सांधा खिळ्याजवळ सरकवावा, म्हणजे तो कडेला लपतो.

बाण्याची पहिली कडी आपल्या बाजूच्या सर्वांत जवळच्या खिळ्यांच्या ओळीत येते. आकडा उजवीकडून आत घालून पहिल्या ताण्याच्या वरून, दुसऱ्याच्या खालून, तिसऱ्याच्या वरून असे करत डावीकडे बाहेर काढावा. येथे लक्षात ठेवायचे ते एवढेच की एका कडीचे दोन्ही पदर मिळून एक ताणा होतो. आकडा दोन पदरांच्या मधून जाता कामा नये. आकड्याच्या टोकात नवी कडी अडकवून तिचे दुसरे टोक बोटाने डाव्या खिळ्यावर धरावे, आकडा हळूहळू उजवीकडे ओढावा आणि बाहेर आलेले टोक उजव्या खिळ्यावर चढवावे. दुसऱ्या ओळीत उलट करायचे: पहिल्या ताण्याच्या खालून, दुसऱ्याच्या वरून. ताणे १८, म्हणजे सम संख्येचे असल्यामुळे, ज्या ओळीची सुरुवात वरून होते तिचा शेवट खालून होतो. हा पडताळा प्रत्येक ओळीच्या शेवटी घेतला तर चूक पुढे जात नाही.

तरीही चूक होतेच. शेजारच्या दोन ओळी अगदी एकसारख्या दिसल्या, तर एक ओळ जुळी विणली गेली आहे असे समजावे आणि ती लगेच उसवावी. दहा ओळींनंतर लक्षात आले तर दहा ओळी उसवाव्यात. मी एकदा तशीच सोडली होती आणि आता त्या टेबलाशी बसले की मला ती एकच ओळ दिसते.

सुरुवातीच्या ओळी सहज जातात आणि शेवटच्या चार-पाच ओळींना आकडा अडू लागतो, कारण तोपर्यंत प्रत्येक ताणा वरखाली वळून आवळला गेलेला असतो. यासाठी १५ सेंटिमीटरच्या, म्हणजे निवडीतल्या मोठ्या कड्या शेवटच्या ओळींसाठी राखून ठेवाव्यात. प्रत्येक ओळीनंतर बोटांनी बाणा आपल्या खिळ्यांच्या रेषेत सरळ करावा. तो मध्येच धनुष्यासारखा वाकलेला राहिला, तर पुढची ओळ त्याच वाकड्या रेषेने जाते.

पहिल्या चौकोनाला दीड तास लागला तरी काळजी करू नये. चौथ्या-पाचव्या चौकोनापासून तेच काम निम्म्या वेळात होते.

चौकटीवरून उतरवणे

चौकोन विणून झाला तरी अजून तो कापड नसतो. खिळे सोडले की सगळा मोकळा होईल. कडेची ७२ टोके एकमेकांत ओवून साखळी करावी लागते. कोणत्याही कोपऱ्यापासून सुरुवात करून क्रोशाच्या सुईने पहिले टोक खिळ्यावरून काढावे आणि ते सुईवरच ठेवावे. मग शेजारचे दुसरे टोक उचलून ते पहिल्यातून ओढावे. पहिले टोक आपोआप दुसऱ्याच्या गळ्यात पडते आणि सुईवर एकच टोक उरते. आता तिसरे टोक दुसऱ्यातून, चौथे तिसऱ्यातून, असे चारही बाजूंनी फिरावे. कोपऱ्यावर वेगळे काही करायचे नसते, फक्त तिथे साखळी आवळू द्यायची नाही.

दोन बाजू झाल्या की चौकोन आक्रसू लागतो आणि उरलेल्या खिळ्यांवरची टोके उड्या मारून सुटू पाहतात. नवशिक्यांचा धीर येथेच सुटतो. सोपा उपाय असा की साखळी सुरू करण्यापूर्वी उरलेल्या तीन बाजूंच्या खिळ्यांवर थर्माकोलच्या पट्ट्या दाबून बसवाव्यात आणि आपण जिथे पोहोचू तिथली पट्टी काढत जावे. एखादे टोक सुटलेच तर ते ताबडतोब पुन्हा खिळ्यावर अडकवावे, ओढून शोधत बसू नये.

शेवटी एक टोक उरते. ते सुईदोऱ्याने साखळीच्या पहिल्या टोकाशी शिवून टाकावे. ते कापून गाठ मारू नये, कारण कापलेली कडी मागे सरकत जाते आणि दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यात तिथे भोक पडते. उतरवलेला चौकोन प्रथम वाकडातिकडा दिसतो. समोरासमोरचे कोपरे धरून दोन्ही दिशांनी ओढला की तो आकारात येतो.

पहिला चौकोन रनरमध्ये घालू नये. त्याचे गरम कढई उचलायचे फडके करावे. भरिताची वांगी भाजताना त्याची परीक्षा होऊन जाते, आणि आपले काम किती आवळ किंवा किती सैल झाले आहे हेही त्यावरून कळते.

जोडणे

सर्व चौकोन जमिनीवर मांडून पाहावेत, एक रात्र तसेच राहू द्यावेत आणि सकाळी पुन्हा पाहावेत. रात्रीच्या दिव्यात हिरवा आणि निळा सारखेच दिसतात. जो चौकोन इतरांपेक्षा लहान असेल तो टोकाला न ठेवता मध्ये घ्यावा, कारण दोन्हीकडून ओढला गेल्याने त्याचा लहानपणा झाकला जातो.

जोडायला गोधडीचा जाड सुती दोरा आणि गोधडीचीच मोठी सुई उत्तम. दोन चौकोन शेजारी शेजारी सपाट ठेवावेत. प्रत्येक कडेला साखळीचे १८ दुवे असतात. एका बाजूच्या पहिल्या दुव्यातून सुई काढून समोरच्या पहिल्या दुव्यात घालावी, मग दुसरा दुवा दुसऱ्याशी, असे मोजून जावे. अठरा आणि अठरा शेवटी बरोबर जुळले की कडा समान बसल्या असे समजावे. दोरा फक्त कडा भिडतील इतकाच ओढावा. आवळून ओढला तर जोडाच्या जागी रनर उंचावतो आणि त्यावर ठेवलेला पेला डुगडुगतो. दोन ओळींचा रनर असेल तर आधी दोन-दोन चौकोनांच्या जोड्या कराव्यात आणि मग त्या जोड्या एकमेकींना लावाव्यात. चार कोपरे जिथे भेटतात तिथे लहान भोक राहते, तिथे फुलीचा एक टाका पुरतो.

शिवणीशिवाय, एका चौकोनाची टोके दुसऱ्याच्या खिळ्यांवर चढवून दोन्हींची मिळून एकच साखळी करण्याचीही रीत आहे. ती दिसायला सुबक असली तरी प्रत्येक चौकोनाची एक बाजू काडीवर मोकळी सांभाळावी लागते आणि एक चौकोन बिघडला तर पूर्ण पट्टी उसवावी लागते. पहिल्या रनरला ती वापरू नये.

उरलेल्या कड्यांचे गोंडे करता येतात. रनरच्या आखूड कडेच्या एका दुव्यातून कडीचे अर्धे वेढे बाहेर काढावे आणि उरलेले अर्धे त्यातून ओवून ओढावे, की गाठीशिवाय गोंडा बसतो. टीपॉयवर गोंडे शोभतात. जेवणाच्या टेबलावर ते आमटीत जातात.

शेवटी पूर्ण रनर साध्या पाण्यात भिजवावा, न पिळता दोन तळव्यांत दाबून पाणी काढावे आणि जुन्या टॉवेलवर सपाट पसरून हाताने कडा सरळ कराव्यात. दोरीवर टांगू नये, कारण ओल्या कड्यांच्या वजनाने तो लांब होतो आणि मग तसाच राहतो. सावलीतच वाळवावा, खानदेशच्या उन्हाळ्यात सावलीतही तो दुपारच्या चहापर्यंत वाळतो आणि थेट उन्हात ठेवला तर हळदीचा पिवळा आधी विटतो. पुढे धुतानाही हीच पद्धत ठेवावी, आणि मशीनमध्ये घालायचाच असेल तर उशीच्या अभ्र्यात बांधून घालावा, म्हणजे गोंडे आणि साखळी कशात अडकत नाही.